चुकीची कमान

आमच्या घरात स्प्रिंग हा शब्द कुणी वापरत नसे. बाबा मिलमध्ये टाइमकीपर होते आणि रविवारी फावल्या वेळात गल्लीतली बंद पडलेली घड्याळं उघडून बसत. घड्याळाच्या पोटात असते ती कमान, त्यामुळे जगात जिथे जिथे दाबलं की उसळणारं काही असेल ते सगळं कमान. बॉलपेनमधली कमान, बसच्या सीटमधली कमान. बाहेर हिंदीत लोक कमानी म्हणत, म्हणजे आमच्या शब्दाला नुसती एक वेलांटी लागे, आणि कुणाचं काही अडत नसे. अडलं ते एकदाच. त्या अडण्याचे माझ्यावर इतके उपकार आहेत की ते लिहून न ठेवणं कृतघ्नपणाचं होईल.

आम्ही इंदूरच्या छत्रीबागेत राहत होतो, दोन खोल्या आणि एक ओसरी. मिल चालू होती तोवर आमची गल्ली भोंग्यावर उठायची, भोंग्यावर जेवायची आणि भोंग्यावरच भांडण आवरतं घ्यायची. मिल बंद झाली तेव्हा पगार थांबला हे तर सगळ्यांना कळलं, पण आवाज थांबला हे कळायला आठवडा गेला. मग बायका ओसरीशी येऊन विचारू लागल्या, "बाबूजी, कित्ता बजा?" बाबा घड्याळ न पाहता सांगत. तेवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं. रोज सकाळी दाढी करायची, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, ओसरीतल्या वेताच्या खुर्चीत बसायचं, आणि संध्याकाळी पाचला उठून शर्ट खुंटीला लावायचा. कुठे जायचं नाही. आई तो शर्ट रोज रात्री धुवून सकाळी इस्त्री करायची. एकदा मी म्हटलं, "आई, मळलेला पण नसतो तो." ती म्हणाली, "गप बस." हे जवळजवळ दीड वर्ष चाललं. बाबा रागावत नसत, रडत नसत, दारूला शिवत नसत. ते फक्त बसत. आज वाटतं, ते थोडे रागावले असते तर आम्हाला बरं गेलं असतं.

गिरणीची कल्पना आईची. तिची थालीपिठाची भाजणी नात्यागोत्यात प्रसिद्ध होती आणि गल्लीतला चक्कीवाला ती हमखास मिरचीनंतर दळायचा. "आपलीच घेऊ या की," असं ती एक दिवस भाजणी चाळता चाळता म्हणाली, आणि तिनं तिच्या दोन पाटल्या कधी मोडल्या ते आम्हाला चक्कीची मोटर आल्यावर कळलं. साताऱ्याच्या आत्याला तिनं कार्ड टाकलं, "यांची गिरणी बंद पडली, म्हणून आता गिरणी टाकतो आहोत." आत्याचं उलट टपाली उत्तर आलं, एवढा पैसा होता तर आधीची बंद का पडू दिली? आम्ही मराठी माणसं कापडालाही गिरणी आणि पिठालाही गिरणी म्हणतो. त्यामुळे बाबांना "काय करता?" या प्रश्नाचं उत्तर बदलावं लागलं नाही, असा विनोद मी तेव्हा करत असे. घरात कुणी हसत नसे.

जागा मिळाली तुकोगंजात, आगाशेसाहेबांच्या बंगल्याच्या गॅरेजात. आगाशेसाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, त्यांची अँबेसिडर विकली गेलेली, आणि रिकामं गॅरेज त्यांना डाचत होतं. भाडं त्यांनी खरंच कमी घेतलं, हे आधी सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात हे झाकलं जाईल. त्यांना समारंभाचं व्यसन होतं. कुणाच्या बोअरिंगला पाणी लागलं तरी ते दोन शब्द बोलत. गिरणीचं उद्घाटन करायचं, फीत कापायची, एक माननीय बोलवायचे, फाटकाशी स्वागताची कमान उभी करायची, हे त्यांनीच ठरवलं. कमान जुन्या इंदूरच्या बंडूकाकांकडून आली. हे आईचे लांबचे भाऊ, त्यांचं टेंट हाउस होतं. आदल्या संध्याकाळी बांबू, जरीचं कापड आणि थर्माकोलची 'सुस्वागतम्' ही अक्षरं लावून ती उभी राहिली. पिठाच्या गिरणीसाठी.

बाबांनी एवढंच कबूल केलं होतं, "उद्या येतो. एक दिवस बघू." आईनं या वाक्याला देवाच्या कौलासारखं जपलं. तिच्या दृष्टीनं माननीय, फीत, पेढे ह्या सगळ्याचा उपयोग एकच, की हा माणूस खुर्चीतून उठून गॅरेजपर्यंत येईल आणि एकदा तिथे हात लागला की राहील.

सकाळी सातला आई आणि मी पुढे गेलो. मी कुलूप काढलं, शटर उचललं. ते कमरेपर्यंत आलं असेल, वरच्या डब्यातून बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि शटर दाणकन खाली. माझी बोटं वाचली हे नशीब. आगाशेसाहेब धावत आले, त्यांच्या माळ्यानं एका बाजूनं ओढलं, मी दुसऱ्या, आणि दोघांची ताकद सारखी नसल्यामुळे शटर तिरकं होऊन जमिनीपासून वीतभर वर घट्ट अडकलं. ना वर, ना खाली. आत चक्की, पूजेचं ताट, पहिल्या दळणाचे गहू. वाकून पाहिलं की चक्कीचे पाय तेवढे दिसत.

नऊला बाबा आले. शर्ट कडक. त्यांनी शटरकडे पाहिलं, कान लावून ते थोडं हलवलं आणि म्हणाले, "कमान तुटली." मग पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी शेवटच्या खुर्चीत जाऊन बसले, अगदी ओसरीत बसायचे तसे. "बंडूच्या शेजारी शटरवाला आहे," बाबा म्हणाले. "फोन करून त्याला सांग, माणूस पाठव म्हणावं." मी आगाशेसाहेबांच्या दिवाणखान्यातून फोन लावला.

"बंडूकाका, मी कुंदा. कमान तुटलीय. लगेच माणूस पाठवा, बाबांनी सांगितलंय."

"तुटली? अरे भगवान! काल तर ठीक होती."

"काल ठीकच होती हो. आज सकाळी एकदम आवाज झाला आणि सगळं खालीच आलं."

"कुणाला लागलं तर नाही ना?"

"नाही, थोडक्यात वाचले."

"तू घाबरू नकोस बेटा. जोडाजोडी करत बसत नाही, नवीच पाठवतो. साडेदहाच्या आत लागून जाईल."

मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं, काका नवीच पाठवताहेत. एका भाषेत शिकलेल्या दोन माणसांमध्ये इतका स्पष्ट संवाद मी पुढे आयुष्यभर क्वचितच ऐकला.

दहा वाजता लोडिंग रिक्षातून बांबू आले. बांबू, कापडाचे गठ्ठे, आणखी एक 'सुस्वागतम्', दोन शिड्या आणि दोन माणसं. त्यातला मोठा, पन्नाशीचा, काटक, पांढऱ्या मिशांचा, खाली उतरला आणि फाटकातल्या धडधाकट कमानीकडे पाहत उभा राहिला. "कमान तो खड़ी है," तो म्हणाला. मी शटरकडे बोट दाखवलं. त्यानं शटर पाहिलं, मला पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत, 'भैया'चा इंदुरी 'भिया' करत म्हणाला, "वा भिया." मी म्हटलं, परत न्या. पण आगाशेसाहेब तोवर पोचले होते. "आता आलीच आहे तर लावून टाका," ते म्हणाले. "एक फाटकाशी, एक गॅरेजपाशी. शोभा येईल." अशा रीतीनं बंद दाराला दोन कमानी लागल्या.

माननीय अकराच्या ऐवजी साडेअकराला आले. शटर बंद आहे हे त्यांना सांगण्याचं धाडस कुणी केलं नाही आणि त्यांच्याही ते लक्षात आलं नाही, कारण दोन कमानींमधून चालत आल्यावर समोर काही तरी उघडं असणारच, अशी त्यांना सवय असावी. त्यांनी भाषण केलं. देशानं आता आपली दारं उघडली आहेत, जुनं जाईल, नवं येईल, मिलच्या मजुराचा उद्या उद्योजक होईल. बोलताना त्यांचा हात वारंवार मागे शटरकडे जात होता. मग त्यांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. क्षणभर सगळे वाट पाहत राहिले. काहीच उघडलं नाही. आगाशेसाहेब म्हणाले, "चला, पोहे घेऊ या," आणि लोकांना हायसं वाटलं. पोहे उत्तम झाले होते, वर शेव, जिरावण मसाला, सोबत गरम जिलेबी. इंदुरात पोहे चांगले असले की समारंभ यशस्वी धरतात. तासाभरात सगळे गेले.

बाबा खुर्चीतून हलले नव्हते. आई मला बागेतल्या नळापाशी घेऊन गेली. "कुंदे, ऐक," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आज हे उघडलं नाही ना, तर हे उद्या येणार नाहीत. मी ओळखते यांना. पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि मग मरेपर्यंत उठणार नाहीत." तिला मी पहिल्यांदाच घाबरलेली पाहिली. शेजारी तो पांढऱ्या मिशांचा टेंटवाला पोह्याची प्लेट विसळत होता. त्याच्यादेखत असं काही बोलायला आम्हाला संकोच वाटला नाही, कारण आम्ही मराठीत बोलत होतो. इंदूरच्या मराठी माणसाची ही एक जुनी गैरसमजूत आहे, की मराठी फक्त आपल्याला कळतं.

तो प्लेट ठेवून सरळ बाबांसमोर जाऊन उभा राहिला. "टाइमबाबू, पेचाना क्या?"

बाबांनी मान वर केली. "कैलाश," ते म्हणाले. "लूमशेड. फिटर."

"हओ. फिटर था. अब्बी बांस बांधता हूं." मग अगदी शुद्ध मराठीत, बाबांच्याच आवाजाची नक्कल करत तो म्हणाला, "'वेळ झाली, गेट बंद.' याद है? बारिश में भीगता खड़ा था मैं, तीन मिनट लेट. आधे दिन की हाजिरी गई थी."

"घड़ी मिल की थी," बाबा म्हणाले.

"घड़ी मिल की थी, पर चाबी तो आपके हात में थी ना."

मला वाटलं, झालं, आता हा अपमान करून जाणार. माझ्या मनात त्याला सुनावण्यासाठी दोन वाक्यं तयारही झाली. पण कैलाशजी शटरकडे वळले, बोटाच्या पेरानं डब्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "कमानी गई है. उतरो कुर्सी से, अकेले का काम नी है ये."

"मैं तो ऑफिस का आदमी हूं," बाबा म्हणाले.

"कौन से ऑफिस का?" कैलाशजींनी विचारलं.

बाबा उठले.

आपल्या जोडीदाराला कैलाशजींनी रिक्षा घेऊन बंडूकाकांशेजारच्या शटरवाल्याकडे पिटाळलं. "जोड़ी लाना. एक बदली तो दूसरी महीने भर में जाएगी." आगाशेसाहेबांच्या गाडीची हत्यारं गॅरेजमागे गंजत पडली होती, ती त्यांनी मागून घेतली. मग दुसऱ्या कमानीचे बांबू सोडले, वीतभर फटीत तरफेसारखे घातले, बाबांना एका टोकाला आणि माळ्याला दुसऱ्या टोकाला लावलं, आणि "हां, धीरे... धीरे... ओ बाबूजी, धीरे!" करत शटर सरळ करून वर उचललं. खाली बांबूंचे टेकू दिले. नुसतं माणूसभर उघडलं तरी आईनं हात जोडले. आम्ही 'सुस्वागतम्'मधले सगळे बांबू वापरले. ती अक्षरं बाजूला पडली होती, त्यातलं 'सु' माझ्या पायाखाली आलं.

शटरच्या वर एक जाड पाइप असतो, त्याच्यावर डबे, आणि डब्यांत ह्या कमानी. नवी कमान घालणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते तिला पीळ भरणं. पाइपला मोठा पाना लावून एकेक चक्कर द्यायचा, आणि प्रत्येक चक्कर दिल्यावर एकानं तो धरून ठेवायचा, तोवर दुसरा पकड बदलतो. धरणाऱ्याचा हात सुटला तर पाना उलटा फिरतो. "छोड़ा तो कलाई गई," कैलाशजी शिडीवरून म्हणाले. "और गिनते रेना. सात. ना छे, ना आठ."

बाबा दुसऱ्या शिडीवर चढले. मी त्यांना कधी शिडीवर पाहिलं नव्हतं. पहिला चक्कर, दुसरा. त्यांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. पांढऱ्या शर्टाच्या बाहीला काळं ग्रीस लागलं, मग छातीला. आई खालून म्हणाली, "अहो, शर्ट..." आणि लगेच जीभ चावून गप्प झाली. तिसरा. चौथा. "कित्ते हुए?" "चार." "पक्का?" "कैलाश, सत्ताईस साल गिना है मैंने." "हओ, वोई तो पूछ रिया हूं." पाचव्या चक्कराला पाना थरथरू लागला. बाबांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी दोन्ही हातांनी, छाती लावून तो धरला. ते मोठ्यानं मोजत होते, ओरडत होते म्हटलं तरी चालेल. "सहा!" मराठीत. "सात!"

कैलाशजींनी नट आवळला. "छोड़ो." बाबांनी सोडलं. काही झालं नाही. कैलाशजी खाली आले, टेकू काढले, आणि एका बोटानं, खरंच एका बोटानं, शटर वर ढकललं. ते सळसळत गेलं. मग खाली. मग बाबांना म्हणाले, "आप करो." बाबांनी ते चार वेळा वर-खाली केलं. गरज नव्हती.

हिशेबाची वेळ आली. कमानींच्या जोडीचे तीनशे दहा. ते आईनं पेढ्यांसाठी ठेवलेल्यातून दिले. "और मजदूरी?" बाबांनी विचारलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, रहने दो. तुम्हालाही तसं वाटलं असेल, आपण सगळ्यांनी तशाच गोष्टी वाचल्या आहेत. कैलाशजी म्हणाले, "आधे दिन की. पर फिटर की लगाना बाबूजी, टेंटवाले की नी." बाबांनी एक पैसा कमी दिला नाही आणि त्यांनी एक पैसा कमी घेतला नाही. बंडूकाकांनी मात्र दुसऱ्या कमानीचं बिल घरचं म्हणून निम्मं करून पाठवलं, आणि ते निम्मंसुद्धा कमानींच्या जोडीपेक्षा जास्त होतं.

जाता जाता कैलाशजी थांबले. "टाइमबाबू, नई कमानी एक रात में बैठती है. कल सुबे फिर कसना पड़ेगा. आठ बजे आऊंगा. आप रेना, अकेले से नी होगा. और लेट मत करना." हे म्हणताना ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा ओसरीतली खुर्ची रिकामी होती. आई चुलीपाशी उभी होती, हातात इस्त्री न केलेला शर्ट. ग्रीसचे डाग निघाले नव्हते. "जुना घालून गेले," ती म्हणाली. "सातलाच." मी दहाच्या सुमारास गेले तोवर कैलाशजी येऊन, नटाला पाना लावून, "हो गया" म्हणून, चहा पिऊन गेलेही होते. बाबा केस, भुवया, सगळे पांढरे होऊन गहू दळत होते आणि एका बाईला समजावत होते की मिरचीनंतर भाजणी इथे दळली जाणार नाही. पुढची एकोणीस वर्षं ते तिथे होते. माझी फी तिथून आली, लग्न तिथून झालं, आईच्या पाटल्याही तिथूनच परत आल्या, जरा बारीक.

मागच्या वर्षी माझ्या घराच्या गॅरेजचं शटर असंच आवाज करून बसलं. मिस्त्री आला, जोडी बदलली, खर्च ऐकून मी खुर्चीत बसले, पण ते असो. तो निघाला तेव्हा मी विचारलं, "कल कितने बजे आओगे?"

"कल? कल किसलिए, मैडम?"

"फिर कसने. नई कमानी एक रात में बैठती है ना."

तो नीट वागणारा माणूस होता, हसू आवरून म्हणाला, "किसने बोल दिया आपको? एक बार कस गई सो कस गई. दुबारा कुछ नी होता."

मी फाटकाशी बराच वेळ उभी राहिले. बाबांना हे माहीत होतं का? रविवारी कमानी उघडून बसणारा माणूस, त्याला कळलं नसेल असं वाटत नाही, पण विचारायला आता ते नाहीत, आणि कैलाशजी कुठे असतील त्याचा पत्ता मी कधी घेतला नाही. ते परदेशीपुऱ्यात राहत, एवढं ठाऊक आहे, आणि नळापाशी आई मराठीत जे बोलली ते त्यांनी ऐकलं होतं, एवढं. तिथून तुकोगंजापर्यंत भल्या सकाळी सायकल मारत आले, जिथे आवळायला काहीच उरलं नव्हतं तो नट पान्यानं आवळून दाखवला, उभ्या उभ्या चहा घेतला, आणि आपल्या बांबूंच्या कामाला गेले.